ख्रिस्तपुराण व ख्रिस्ती शास्त्राचा घाट

(लेखनस्थळ : अंतरवाली सराटी, ता. अंबड, जि. जालना)

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या हातीं केव्हां केव्हां असें एखादें ओवीबद्ध बाड येण्याचा संभव असतो, कीं ज्याची जात चटकन ओळखूं येत नाहीं. आरंभीं नमन आहे, मध्यें श्रोत्यांचे प्रश्न आहेत, वैकुंठ आहे, परमेश्वर आहे, मुक्ति आहे. परंतु गणेश नाहीं, शारदा नाहीं, आणि चार पानें उलटलीं कीं आदाम, नोहा, अब्राहाम हीं नांवें भेटूं लागतात. अशा बाडावर ‘किरकोळ पुराण, कर्ता अज्ञात’ अशी चिठ्ठी लावून तें बासनांत बांधून ठेवणें सोपें. पण तसें केल्यानें एक मोठें प्रकरण अंधारांत राहतें. हें बाड वाचावयाचें तर ज्या शास्त्रांतून त्याची कथा आली त्या शास्त्राचा घाट ठाऊक असावा लागतो. त्या घाटाची ओळख करून देणें व संशोधकाला तिचा उपयोग कोठें होतो तें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही संस्कृताचे अध्यापक. धर्ममताचा विचार येथें केलेला नाहीं, ग्रंथाच्या रचनेचा केला आहे.

मुख्य उदाहरण अर्थात् फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचें. हा इंग्रज जेसुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. मधलीं चाळीस वर्षें बहुतेक साष्टींत गेलीं. त्याचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. या तीन मुद्रणांपैकीं एकाचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. जें हातीं आहे तें नकलाकारांच्या कृपेनें. १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळुराहून रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून आवृत्ति काढली. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरींत आणली. लंडनच्या प्राच्यविद्यासंस्थेंतील मार्सडेन संग्रहांत देवनागरी हस्तलिखित आहे, तें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जस्टिन अॅबट यांनीं विद्वानांच्या नजरेस आणलें. ग्रंथाचे भाग दोन : पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरु, दुसऱ्यांत ५९, एकंदर ओव्या १०,९६२. ‘अवस्वरु’ हा त्याचा अध्यायवाचक शब्द होय.

पुराण रचण्याची गरज कां पडली हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडण्यांत आलीं, जुन्या पोथ्यांचें वाचन बंद झालें, आणि बाटलेल्या कुटुंबांच्या संध्याकाळा रिकाम्या राहिल्या. पहिल्याच अवस्वरुंत श्रोता हेंच गाऱ्हाणें मांडतो : पूर्वींचीं पुराणें गेलीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत कांहीं द्या. ज्या सत्तेनें पोथ्या हिरावल्या तिच्याच छायेंतील गुरूनें नवी पोथी द्यावी, यांतील विपर्यास वाचकांच्या लक्षांत येईलच. गंमत ही कीं, जप्त झालेल्या कथांतील कांहीं भाग जेसुइटांनीं आपल्या अभ्यासासाठीं रोमन लिपींत उतरवून घेतला होता. पोर्तुगालांतील ब्रागा येथील संग्रहांत ७७१ व ७७२ या क्रमांकांचीं बाडें आहेत तीं रामायण–महाभारताच्या कोंकणी गद्यकथांचीं, आणि ७७३ मध्यें मराठी पद्यें आहेत. स्टीफन्सला मराठी पुराणाचा साचा कोठून मिळाला असावा याचें उत्तर अशा बाडांच्या आसपासच शोधावें लागेल. त्याची ओवी ग्रांथिक आहे : तीन चरण यमकाचे, चौथा आखूड व मोकळा. एकनाथांनीं भागवताची टीका १५७३ सालीं पुरी केली. पैठण आमच्या गांवाहून फार दूर नाहीं, आणि या गोदाकांठीं नाथांच्या ओव्या ऐकत ज्याचे कान घडले त्याला स्टीफन्सची ओवी परकी वाटत नाहीं.

आतां घाटाविषयीं. आमच्या मीमांसकांनीं कोणत्याही शास्त्रग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं सहा लिंगें सांगितलीं आहेत : उपक्रम–उपसंहार यांचें एकवाक्यत्व, अभ्यास म्हणजे पुनरुक्ति, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. वेदान्ती मंडळी यांचा उपयोग उपनिषदांवर करतात. पण हें माप कोणत्याही ग्रंथास लावतां येतें. यहुदी व ख्रिस्ती शास्त्राला तें लावून पाहिलें असतां पहिलीं दोन लिंगें विलक्षण रीतीनें जुळतात, म्हणून त्यांचाच विस्तार करतों.

अभ्यासापासून आरंभ करूं. इब्री कवितेंत यमक नाहीं, आपल्या अर्थानें मात्रागणही नाहींत. तिचा प्राण अर्थाच्या जोडींत आहे. एक वाक्य म्हटलें कीं तोच अर्थ दुसऱ्या शब्दांनीं पुन्हां म्हणावयाचा, किंवा त्याच्या उलट म्हणावयाचें, किंवा त्याला एक पायरी पुढें न्यावयाचें. रॉबर्ट लौथ या इंग्रज पंडितानें १७५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या लॅटिन व्याख्यानांत या तीन तऱ्हा निरनिराळ्या दाखविल्या, तेव्हांपासून स्तोत्रसंहिता हें काव्य म्हणून वाचण्याची रीत युरोपांत दृढ झाली. आमच्या साहित्यशास्त्राच्या शिष्याला प्रथम वाटतें कीं ही प्रतिवस्तूपमा आहे. पण तसें नाहीं. प्रतिवस्तूपमेंत दोन वाक्यें भिन्न वस्तूंविषयीं असतात व धर्म एक असतो. येथें वस्तूही तीच व धर्मही तोच. मम्मटाच्या हातीं हें काव्य पडतें तर त्यानें पुनरुक्तदोष दिला असता. मीमांसकाच्या हातीं पडतें तर त्यानें ‘अभ्यास’ म्हणून गौरव केला असता. आम्हांस दुसरा न्याय अधिक योग्य वाटतो. कारण हें काव्य देवळांत दोन गटांनीं आळीपाळीनें म्हणण्यास सोयीचें आहे, आणि जेथें एकाचें वाक्य दुसऱ्यानें उचलावयाचें असतें तेथें पुनरुक्ति हा दोष राहत नाहीं.

हा दोन पायांचा श्लोक चार चरणांच्या ओवींत घालूं गेलें कीं तो टिकत नाहीं. दोन अर्थखंडांना तीन यमकें मिळत नाहींत; तिसरा चरण भरावा लागतो, म्हणजे विशेषण येतें, उपमा येते, संबोधन येतें. स्टीफन्सनें शब्दशः भाषांतर केलेंच नाहीं, कथन केलें. त्यामुळें इब्री वाक्याचा घाट त्याच्या ग्रंथांत विरून गेला आहे. जो घाट राहिला तो कथेचा. हा भेद नीट समजला पाहिजे, कारण पोथी ओळखण्यास तो फार उपयोगी आहे. ज्या पानांवर जोडवाक्यें स्पष्ट दिसतात तें पान बहुधा एकोणिसाव्या शतकांतील किंवा त्यानंतरच्या भाषांतराच्या वळणाचें असतें. श्रीरामपुराहून १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत निघालें, तेव्हांपासून हें वळण आपल्या गद्यांत आलें. पंडिता रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक यांवरून केलेल्या व १९२४ सालीं संपूर्ण छापलेल्या भाषांतरांत तें सर्वांत ठळक आहे. गोव्याच्या पुराणांत तें शोधूं नये.

दुसरा एक रचनाप्रकार संग्राहकांना विशेष आवडेल. स्तोत्रसंहितेंतील ११९ वें स्तोत्र इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांवर रचलें आहे. प्रत्येक अक्षरानें आरंभ होणारे आठ श्लोक, असे एकंदर १७६. विलापगीतांतही हाच खेळ आहे. आपल्याकडे चित्रकाव्यांत असे बंध पुष्कळ, पण ते बहुधा कौतुकाचे. इब्री ग्रंथांत या बंधाचा एक अनपेक्षित उपयोग झाला. १४५ वें स्तोत्रही वर्णानुक्रमीच आहे. परंतु प्रचलित इब्री पाठांत त्याचे २१ च श्लोक आहेत, कारण ‘नून’ अक्षराचा श्लोक नाहीं. प्राचीन ग्रीक भाषांतरांत मात्र त्या जागीं एक श्लोक आहे. १९५६ सालीं मृतसमुद्राकांठच्या कुमरान येथील अकराव्या गुहेंत जी स्तोत्रांची गुंडाळी सापडली तींत तो श्लोक इब्रींत निघाला. घाटानें त्रुटि दाखविली, हस्तलिखितानें ती भरून दिली. इतकें ऐकून कोणीही संशोधक हर्षित होईल. पण थोडें थांबावें. त्या श्लोकांत देवासाठीं जें नाम योजलें आहे तें बाकीच्या स्तोत्रांतील नामाहून निराळें आहे, आणि त्याचा मजकूर पुढच्याच एका श्लोकाची छाया वाटतो. म्हणून कित्येक पंडित म्हणतात कीं, रिकामी जागा पाहून कोणा जुन्या नकलाकारानेंच तो रचून घातला असावा. घाट जसा संपादकाला दिसतो तसा नकलाकारालाही दिसतो. ज्ञानेश्वरींत व गाथेंत प्रक्षेप हुडकणाऱ्यांस हें वेगळें सांगावयास नको.

उपक्रम–उपसंहाराचें उत्तम उदाहरण नोहाच्या जलप्रलयाचें आहे. उत्पत्तीच्या सातव्या व आठव्या अध्यायांत दिवसांचे आंकडे ओळीनें मांडून पहावे : ७, ७, ४०, १५०, मग उलट १५०, ४०, ७, ७. पाणी चढतांना जो क्रम तोच उतरतांना विलोम. आणि नेमक्या मध्यावर, आठव्या अध्यायाच्या पहिल्या ओळींत, देवाला नोहाची आठवण झाल्याचें सांगितलें आहे. अशी रचना बाहेरून आंत व आंतून बाहेर जाते. तिचा अर्थ शेवटीं नसून गर्भांत असतो. जो वाचक सरळ रेषेंत वाचतो त्याला १५० हा आंकडा दोनदां कां आला याचा उलगडा होत नाहीं, आणि तो त्यास लेखकाचा गबाळेपणा समजून बसतो.

आंकड्यांचा विषय निघाला आहे तर मत्तयाच्या वंशावळीकडे वळूं. इतिहासमंडळाच्या वाचकांना ही बाब जवळची आहे. मत्तय आपल्या ग्रंथाच्या आरंभीं अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या हद्दपारीपर्यंत चौदा, व तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा असें मोजून दाखवितो. पण जुन्या करारांतील राजांच्या बखरीशीं ताडून पाहतां मधल्या चौदांतून योरामाच्या पुढचे अहज्या, योआश व अमस्या हे तीन राजे गळलेले आढळतात. शेवटच्या चौदांत नांवें मोजूं गेलें तर तेराच भरतात. मग चौदाचा एवढा आग्रह कां? इब्री अक्षरें हेच अंक. दाविद या नांवाचीं अक्षरें तीन, त्यांचे अंक ४, ६ व ४, बेरीज १४. आपल्या कटपयादि पद्धतींत अंक उलट क्रमानें स्थानीं मांडतात, बेरीज करीत नाहींत. तत्त्व मात्र तेंच. ‘जय’ या नांवाचे अंक कटपयादीनें १८ येतात आणि महाभारताचीं पर्वेंही १८, हें आपल्या शास्त्र्यांनीं केव्हांच सांगून ठेवलें आहे. तात्पर्य, मत्तयाची वंशावळ ही नोंदवही नव्हे. ती ‘हा पुरुष दाविदाच्या गादीचा’ असें आंकड्यांत म्हटलेलें वाक्य आहे. आपल्याकडील घराण्यांच्या वंशावळींतही पिढ्यांची संख्या सुबक भरली कीं कान टवकारावे. संख्या सुबक असेल तेथें नांवें गळलेलीं किंवा चढविलेलीं असण्याचा संशय धरणें रास्त होय. मात्र तेवढ्यानें ती सबंध वंशावळ खोटी म्हणून टाकूं नये. ती दुसऱ्याच एका प्रश्नाचें उत्तर देत असते.

प्रसंगांची पुनरावृत्ति हाही अभ्यासाचाच भेद आहे. अब्राहामाचा सेवक परमुलखांत जातो, विहिरीवर त्याला रिबका भेटते, सोयरीक जमते. याकोब पळून जातो, विहिरीवर राहेल भेटते. मोशे मिसरांतून पळतो, विहिरीवर सिप्पोरा व तिच्या बहिणी भेटतात. तीन वेळां हाच प्रसंग ऐकलेल्या श्रोत्यासमोर योहान आपल्या चौथ्या अध्यायांत ख्रिस्ताला याकोबाच्याच विहिरीवर बसवितो आणि शोमरोनी स्त्रीला पाणी भरण्यास आणतो. श्रोता लग्नाची वाट पाहतो. बोलणें तिच्या पांच पतींवर येतें, व तेथून उपासनेवर जातें. सवयीची वाट दाखवून तीवरून वळविणें हें या कथाकारांचें कसब आहे. आमच्या कोरडवाहू मुलखांत पाणवठ्यावर काय काय ठरतें हें कोणास समजावून सांगावयास नको. तें ज्याला ठाऊक आहे त्याला या चार विहिरी एका दोरांत ओवण्यास भाष्यकार लागत नाहीं.

ख्रिस्तपुराणाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा घाट म्हणजे पूर्वच्छाया. जुन्या करारांतील व्यक्ति, वस्तु व घटना या पुढें घडणाऱ्या गोष्टीच्या छाया होत, असें नवा करारच सांगतो. मोशेनें अरण्यांत खांबावर टांगलेला पितळेचा सर्प ही क्रुसाची छाया. योना माशाच्या पोटांत तीन दिवस राहिला ही थडग्याची. वल्हांडणाचें कोंकरूं ही बळीची. आदाम हीच ख्रिस्ताची, पण उलट बाजूनें. ही उपमा नव्हे. उपमेंत उपमान हें केवळ बोलण्यापुरतें असतें. येथें दोन्ही घटना खऱ्या घडल्या असें मानून पहिलीला दुसरीची खूण म्हणावयाचें असतें. अवतारकल्पनेशीं हिचा घोळ करूं नये. जय–विजय तीन जन्म घेतात तेथें तोच जीव फिरून येतो, आणि चक्र पुढें चालूं राहूं शकतें. पूर्वच्छायेंत व्यक्ति निराळी, काल निराळा; छाया अनेक, पण जिची ती छाया ती वस्तु एक, आणि ती आली म्हणजे छायांचें काम संपलें. स्टीफन्सनें ‘पहिलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ असे जे दोन भाग केले ते केवळ लांबी विभागण्यासाठीं नव्हेत. पहिल्यांत सृष्टीपासून तारकाच्या वचनाची दोरी धरली आहे, दुसऱ्यांत ती सोडविली आहे. मराठी पुराणाच्या वेषांत हा परका कालक्रम त्यानें आणला, आणि आमच्या मतें त्याची खरी अपूर्वता येथें आहे. वैकुंठादि शब्द घेतले याचें जें कौतुक होतें तें दुय्यम होय.

येथून पाठनिर्णयाकडे येतों. मार्सडेन पाठांत व साल्ढाणांच्या रोमन पाठांत मोठा भेद असा, कीं रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज–लॅटिन धर्मशब्द आहेत तेथें देवनागरी पाठांत पुष्कळदां संस्कृत शब्द दिसतात. अॅबट यांनीं देवनागरी पाठास मूळ मानलें. लिपि देशी व शब्द देशी म्हणून पाठ जुना, हें अनुमान आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. संस्कृतीकरण मागाहूनही होऊं शकतें, आणि तें करणारे हात आपल्या परंपरेंत थोडे नव्हते. निर्णयाचें अधिक चांगलें साधन पूर्वच्छायेच्या जोड्या हें आहे. पहिल्या पुराणांतील एखादी वस्तु व दुसऱ्यांतील तिची प्रतिवस्तु यांसाठीं कर्ता बहुधा तोच शब्द राखील, कारण जोड दिसावी हाच त्याचा हेतु. शब्द बदलणारा नकलाकार ओवीच्या सोयीनें बदलतो. शेंकडों पानें पलीकडचें दुसरें टोक त्याच्या ध्यानांत नसतें. यास्तव दोन्ही पाठांतील जोड्यांचे शब्द समोरासमोर लिहून पहावे. ज्या पाठांत जोड्या अधिक अखंड असतील तो कर्त्याच्या अधिक जवळ. १४५ व्या स्तोत्राचा धडा येथेंही लागू आहे : जोड फारच चोख असेल तर कोणीतरी ती मागाहून चोख केली नाहीं ना, हें तपासावें. तरीपण एकाच लिपीच्या अभिमानापेक्षां हा मार्ग बरा.

रोमन लिपीची एक अडचण जातां जातां सांगतों. त्या काळच्या गोव्याच्या मुद्रणांत मूर्धन्य वर्ण दाखविण्यास व्यंजन दुहेरी लिहीत. नकलाकारानें कंटाळून एक अक्षर गाळलें, कीं ट चा त होतो; ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नीट कळत नाहीं. मग एकच अक्षरमाला पट, पाट, पत, पात अशी कशीही वाचतां येते. अशा ठिकाणीं देवनागरी करणारा संपादक कथेच्या घाटाला विचारल्यावांचून पुढें जाऊं शकत नाहीं.

स्टीफन्सनंतर त्याच मार्गानें एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेसुइटानें संत पेत्रावर मोठें पुराण लिहिलें. तें १६२९ ते १६३४ च्या दरम्यान गोव्यास छापलें गेलें. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढल्यावर ही परंपरा मुद्रणांतून उठली व हस्तलिखितांत राहिली; ख्रिस्तपुराण तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत घरोघर वाचलें जात होतें. देशावर पुराणाचा वेष पुन्हां धारण केला तो रेव्हरंड टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’नें, १९१९ सालीं टिळक वारले तेव्हां तें अपुरें होतें, लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें, व तें १९३८ सालीं बाहेर आलें. आमच्या जालना जिल्ह्याचा संबंध निराळ्या बाजूनें येतो. १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनीं पुढें जालन्याजवळ एक वस्ती वसविली व तिला बेथेल हें नांव दिलें. याकोबाला पळ काढतांना वाटेंत शिडीचें स्वप्न पडलें, त्या जागेचें हें नांव. अर्थ ‘देवाचें घर’. परमुलखांत उघड्यावर निजलेल्या माणसाची कथा घरदार सुटलेल्यांच्या वस्तीला नांवानेंच जोडलेली आहे. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थांचें जन्मग्राम. तेथल्यासारख्याच आमच्या मुलखांत असें इब्री ग्रामनाम भेटलें तर गॅझेटियर चाळण्याच्या आधीं उत्पत्तीचा अठ्ठाविसावा अध्याय उघडावा.

संग्राहकांस विनंति एवढीच, कीं अशा ओव्यांचें एकटें पान जरी मिळालें तरी लिपि, कागद व आकार यांबरोबर चार गोष्टी टिपून ठेवाव्या : अवस्वरुचा क्रमांक व ओवीचा अंक, विशेषनामांचें नेमकें रूप, धर्मशब्द पोर्तुगीज आहे कीं संस्कृत, आणि त्या प्रसंगाची जोड ज्या दुसऱ्या प्रसंगाशीं लागते त्याचा निर्देश. पान ज्या बासनांत निघालें त्या बासनांतील इतर कागद वेगळे करूं नयेत, आणि फाटलेली कड सारखी करण्यासाठीं कातरूं तर मुळींच नये. ओवीचा अंक बहुधा तेथेंच असतो.